बिनफेसाची वडी

लीलाबाईंनी ती वडी पहिल्यांदा वापरली ती साबण समजून.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. न्हाणीघरातला त्यांचा लाल साबण संपला होता आणि फळीवर पत्र्याची एक गोल डबी दिसत होती. आत फिकट केशरी वडी, तिला संत्र्याच्या सालीचा मंद वास. सुनेनं नवा साबण आणला असेल, असं म्हणून लीलाबाईंनी ती ओल्या अंगाला लावली. फेस येईना. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा घासली. फेस नाहीच, उलट धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावरून ओघळावं तसं पाणी अंगावरून थेंबाथेंबानं निसटू लागलं.

बाहेर आल्या त्या रागातच. सून रागिणी ओट्याशी उभी राहून चहा पीत होती.

"हे वापस कर त्या दुकानदाराले," त्या म्हणाल्या. "फसवलं त्यानं तुले. घासून घासून हात दुखले, पण फेस म्हणून नाई."

रागिणीला ठसका लागला. तिनं कप खाली ठेवला, तोंडाशी ओढणी धरली आणि पोट धरून हसली. मग सासूचा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं. खरं सांगायचं तर कसं सांगायचं? लग्न होऊन दोनच महिने झाले होते. शेवटी तिनं सांगितलं की हा साबण नाही, अंघोळ झाल्यावर कोरड्या काखेत लावायची वडी आहे. वास येऊ नये म्हणून.

लीलाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्या आंगाचा वास येते काय?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, अगदी हळू.

रागिणीनं घाईघाईनं सांगितलं, तसं काही नाही, वडी माझी आहे, मीच वापरते. लीलाबाई मेथीची टोपली उचलून निघून गेल्या.

अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा दोन एकरांचा मळा आहे. नवरा नत्थुजी पाणी आणि निंदण बघतात, मुलगा नितेश सकाळी लहान गाडीतून माल बाजारात पोचवतो, आणि लीलाबाई सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत अकोल्याच्या भाजीबाजारात बसतात. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. आवाज असा की चार दुकानं पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघतं. हाच आवाज त्यांना सात वर्षांपूर्वी माणिकबाईंच्या महिला भजन मंडळात घेऊन गेला, आणि तिथं त्यांच्या हातात खंजिरी आली. आवाजापेक्षा हात सरस निघाला. मंडळात अकरा जणी, पण खंजिरी लीलाबाईंचीच, हे ठरून गेलं होतं.

यंदा मेच्या शेवटी अमरावतीला महिलांची खंजिरी भजन स्पर्धा होती. माणिकबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. तालमीत त्यांना एकच गोष्ट खटकत होती. खंजिरी डाव्या हातात खांद्याच्या वर धरायची, कोपर मोकळा ठेवायचा, तेव्हा ती बोलते. लीलाबाईंचा कोपर मात्र बरगडीला चिकटलेला. खंजिरी छातीशी, आवाज दबलेला. माणिकबाईंनी तीनदा सांगून पाहिलं. चौथ्यांदा म्हणाल्या की जमत नसेल तर खंजिरी गंगूबाईकडे द्या, स्पर्धा महत्त्वाची आहे.

लीलाबाईंनी खांदा दुखतो असं सांगितलं.

ते घरीही कळलं, आणि नत्थुजी रोज संध्याकाळी बायकोच्या खांद्याला बाम चोळू लागले. ते कामाचे सच्चे होते. अर्धा अर्धा तास चोळायचे. घरभर बामाचा वास. नितेश म्हणायचा की वरणाला पण तोच वास येतो.

खांद्याला काही झालेलं नव्हतं. ही गोष्ट सगळ्यात आधी रागिणीच्या लक्षात आली. ती मूळची अमरावतीची, अकोल्यात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. बघणं आणि नोंद घेणं हा तिचा रोजचा उद्योग. सासू मळ्यात तीस जुड्यांचं ओझं डाव्या हातानं डोक्यावर तोलून धरते, हे तिनं पाहिलं. तोच हात देवळातल्या तालमीत वर जात नाही, हेही पाहिलं. मळ्यात जवळ कोणी नसतं, आणि देवळात बाया खांद्याला खांदा लावून बसतात. मग तिला वडीच्या दिवशी सासूनं हळूच विचारलेला तो प्रश्न आठवला.

रविवारी दोघी मेथी उपटत होत्या, तेव्हा तिनं विषय काढला. आपली मैत्रीण गीतांजली वरुडजवळच्या शेंदूरजनाघाटला घरीच त्या वड्या करते, असं तिनं सांगितलं. खोबरेल तेल, मधमाश्यांचं मेण, आरारूट, थोडा खायचा सोडा आणि संत्र्याच्या सालीचं तेल. पण तिची एक अडचण आहे. वापरून बघणाऱ्या सगळ्या पंख्याखाली बसणाऱ्या. उन्हात राबणाऱ्या बाईनं वापरून बरं-वाईट सांगावं असं तिला वाटतं. मी दिवसभर एसीत असते, मला काय कळणार? तुम्ही बघता का वापरून?

लीलाबाई काही भोळ्या नव्हत्या. तीस वर्षं बाजारात बसलेली बाई. समोरचा आपला मान राखून बोलतोय हे त्यांना लगेच कळे. ती रीत त्यांना आवडली. मेथी उपटता उपटता, मान खाली ठेवूनच त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी चार वर्षांत कोणालाच सांगितली नव्हती.

पातूरहून एसटीनं येत होत्या. गर्दी, दुपार, त्या दांडीला धरून उभ्या. खालच्या सीटवर कॉलेजातली एक मुलगी बसली होती. तिनं आधी रुमाल नाकाशी नेला, मग खिडकी सरकवली, मग शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघी वर बघून पुन्हा खाली बघू लागल्या. लीलाबाई एक थांबा आधीच उतरल्या आणि उन्हात घरापर्यंत चालत आल्या. त्या दिवसापासून चार माणसांत हात वर केला नाही. दोनदा अंघोळ करून पाहिली. लिंबू चोळून पाहिलं, आग झाली. पावडर लावली तर दुपारपर्यंत तिचं भिजलेलं पीठ व्हायचं. नितेशचा सेंटचा फवारा एकदा चोरून मारला आणि तासभर शिंकत बसल्या.

रागिणी हसली नाही. "घामाले वास नसते, आई," ती म्हणाली. "काखेत बारीक जंतू असतात, ते घामावर जगतात. त्यायचा वास येते. तो तुमचा एकटीचा नाई, सगळ्यायचाच हाय. माह्याबी हाय."

"तुह्याबी?" लीलाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"मंग? ते डबी काहून आणली असन मी?"

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू झाला. नवी डबी, लीलाबाईंची स्वतःची. सकाळी अंघोळ, अंग कोरडं, मग दोन्हीकडे वडी फिरवायची. बाजारात पारा त्रेचाळीसवर गेला होता. अकराच्या सुमारास लीलाबाई पोत्यांच्या आडोशाला गेल्या, मान वळवली आणि नाक जवळ नेलं. घाम होता, पोलकं ओलं होतं. वास मात्र नव्हता. संत्र्याचाही अगदी पुसटसा. त्यांचा विश्वास बसेना. बाराला पुन्हा गेल्या. एकला पुन्हा. शेजारी लसूण घेऊन बसणाऱ्या गंगूबाई, ज्या मंडळातही त्यांच्याच शेजारी असायच्या, त्यांनी शेवटी विचारलं की पोलक्यात मुंगी गेली काय.

त्या दिवशी लीलाबाईंनी रिकाम्या टोपल्या गाडीत स्वतः फेकल्या, हात पुरता वर करून. नितेश म्हणाला, आई आज रंगात दिसते.

चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी आग सुरू झाली. काखा लालभडक. चौकशीत निघालं की लीलाबाई दिवसातून तीनदा, चुलीला पोतेरं द्यावं तशी, वडी चोळत होत्या. थोड्यानं एवढा गुण तर जास्तीनं किती, असा त्यांचा हिशेब. रागिणी घाबरली. तिनं वडी बंद करायला लावली, नुसतं खोबरेल तेल लावायला दिलं आणि गीतांजलीला फोन केला. गीतांजलीही घाबरली. काही जणींच्या कातडीला सोडा सोसत नाही, असं म्हणाली आणि माफी मागू लागली. तेवढ्यात लीलाबाईंनी फोन हातात घेतला. त्यांना माफी नको होती, माप हवं होतं. एका घाण्याला तेल किती, मेण किती, सोडा किती, सगळं विचारून घेतलं.

"एवढ्याशा वडीत दोन चमचे?" त्या म्हणाल्या. "अवं बाप्पा, आमी भज्यातबी एवढा सोडा टाकत नाई."

आठ दिवसांनी दुसरी वडी आली. वरुडहून अकोल्याला येणाऱ्या गीतांजलीच्या मामानं आणून दिली. तिच्यात सोडा नावापुरता होता, आरारूट जास्त. आग झाली नाही. वास आला नाही. लीलाबाईंनी या खेपेला सांगितलं तसं, सकाळी एकदाच, हलक्या हातानं लावलं.

पण तोवर मे उजाडला होता. अकोल्याचा मे. डांबर चपलेला चिकटतं आणि नळाचं पाणी चहाला चालेल असं येतं. लीलाबाईंनी डबी सोबत म्हणून टोपलीत मेथीखाली ठेवली होती. दुपारी एका गिऱ्हाईक बाईनं जुडी उचलली, हुंगली, पुन्हा हुंगली आणि विचारलं की या मेथीला संत्र्याचा वास कसा काय, नवीन वाण आहे का. लीलाबाईंनी टोपली उपसली तर डबीचं झाकण निघालेलं, वडीचं पातळ तेल झालेलं आणि चार जुड्या तुपात तळल्यासारख्या चकाकत होत्या. त्यांनी त्या जुड्या बाजूला काढल्या आणि बाईला दुसरी ताजी जुडी दिली. बाई जाताना म्हणाली की तीच द्यायची होती, वास छान होता. हे ऐकून गंगूबाईंना हसू आवरेना, आणि मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. सांगताना लीलाबाईंना वाटलं होतं की लाज वाटेल. वाटली नाही. चार वर्षं पोटात धरलेली गोष्ट लसणाच्या ढिगाशेजारी बसून दोन मिनिटांत सांगून झाली, आणि गंगूबाईंनी फक्त एवढंच विचारलं की ते वडी मलेबी मिळन काय.

गीतांजलीला पुन्हा फोन गेला. तिनं सांगितलं की आमच्याकडे तर वडी छान घट्ट राहते. लीलाबाई म्हणाल्या की तुझं घर बागेत आहे, सावलीत, तिथं राहणारच. माझ्या बाजारात आणून बघ. मेण वाढव. गीतांजली म्हणाली मेण वाढवलं तर वडी कडक होते, अंगावर फिरत नाही. "थांबीन मी," लीलाबाई म्हणाल्या. "काखेत धरून दहा आकडे मोजीन. आपोआप नरम पडते."

हे गीतांजलीला सुचलं नव्हतं. तिसरी वडी आली ती तशी. उन्हात टोपलीत राहिली, जराशी मऊ झाली, पण वितळली नाही. लीलाबाईंनी दहा आकडे मोजले, आणि ती चालली. सगळा दिवस चालली. रागिणीनं फोनवर तसं कळवलं तेव्हा गीतांजली जे बोलली, ते तिनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं: "लीलाकाकूच्या इथं टिकलं, तं वऱ्हाडात कुठंबी टिकन."

लीलाबाई हसल्या, आणि मग बराच वेळ हसतच राहिल्या. ज्या जागेची त्यांनी एवढी लाज धरली, तिच्यावर आता शेंदूरजनाघाटची एक मुलगी आपला माल पारखून घेत होती.

त्या संध्याकाळी नत्थुजी बामाची बाटली घेऊन आले, तेव्हा लीलाबाईंना खरं सांगणं भाग पडलं. खांदा कधी दुखलाच नव्हता. नत्थुजी बाटली हातात घेऊन तसेच बसले. महिनाभर त्यांच्या बोटांची आग होत होती. जेवताना चमच्यानं खायची वेळ आली होती.

"मंग सांगाचं नाई काय?" ते म्हणाले.

"काय सांगू? वास येते म्हणून?"

नत्थुजींनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "तीस वर्सं झाले," ते म्हणाले, "मले तं कधी नाई आला."

"तुमचं नाक कांद्यानं गेलं," लीलाबाई म्हणाल्या; पण त्या रात्रीच्या भाकरीला त्यांनी तूप जरा जास्तच लावलं, हे नितेशच्या नजरेतून सुटलं नाही. दोन दिवसांनी न्हाणीघरातून नत्थुजींचा आकडे मोजण्याचा आवाज आला. सातवर थांबले, मग पुन्हा एकपासून सुरू केलं.

स्पर्धेला दहा दिवस उरले असताना तालमीत लीलाबाईंनी खंजिरी उचलली आणि डावा हात खांद्याच्या वर नेला. कोपर बरगडीपासून सुटला. पहिली थाप पडली आणि देवळातली कबुतरं उडाली. माणिकबाई म्हणताम्हणता थांबल्या. भजन थांबलं. त्या लीलाबाईंकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खांदा बरा झाला वाटते."

"झाला," लीलाबाई म्हणाल्या.

गंगूबाईंना पोटात ठेवणं जमत नसे. तालीम संपायच्या आत मंडळाला सगळं कळलं. कोणी नाक मुरडलं नाही. एकीनं विचारलं की वडीत चरबी तर नाही ना, उपासाला चालेल ना. मेण मधमाश्यांचं आहे हे कळल्यावर तिचं समाधान झालं. सगळ्या पांगल्यावर माणिकबाई मागं थांबल्या. त्यांनी आपली पिशवी उघडून लीलाबाईंना दाखवली. आत घडी केलेली दोन पोलकी होती. नोकरीत होते तेव्हापासून दुपारी बदलते, असं त्या म्हणाल्या, पंचवीस वर्षं झाली. तुम्हाला मी खंजिरी सोडायला सांगितली, मला काय माहीत. लीलाबाईंनी कमरेच्या बटव्यातली डबी काढून तिच्यातली अर्धी वडी सुरीनं कापून दिली.

बाकीच्यांसाठी गीतांजलीनं नऊ वड्या पाठवल्या, प्रत्येक वडी वेगळ्या कागदात, वर नाव लिहिलेलं. नावं लीलाबाईंनी फोनवर सांगितली होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सहालाच गाडी निघाली. अकरा जणी, रागिणी आणि गाडी चालवायला नितेश. अमरावतीच्या सभागृहावर पत्रे होते. कूलर होते, पण ते गरम हवाच इकडून तिकडे फिरवत होते. अठ्ठावीस मंडळं आली होती, आणि यांचा नंबर आला तो दुपारी साडेबाराला. तोवर अकराच्या अकरा पोलकी ओली झाली होती.

मंडळ मंचावर बसलं. पेटी लागली, टाळ लागले, माणिकबाईंनी सूर धरला. लीलाबाईंनी हात वर नेला आणि त्यांची नजर स्वतःच्या पोलक्याकडे गेली. काखेत ओलं वर्तुळ होतं, ताटाएवढं. पिवळ्या कापडावर ते लपणारं नव्हतं. समोर तीनशे माणसं. कोपर किंचित खाली आला.

मग त्यांना शेजारी बसलेल्या गंगूबाई दिसल्या. टाळ वर धरलेले, पोलकं तसंच ओलं. पलीकडे माणिकबाई, तसंच. समोरच्या रांगेतले परीक्षक घामानं निथळत वह्यांनी वारा घेत होते. घाम सगळ्यांनाच होता. लीलाबाईंनी श्वास घेतला. खंजिरीच्या कातड्याचा वास होता, अगरबत्तीचा होता, बाकी काही नाही. त्यांनी हात पूर्ण वर नेला आणि थाप मारली.

त्यानंतरची बारा मिनिटं त्यांना नीटशी आठवत नाहीत. रागिणी सांगते की दुसऱ्या भजनात लय दुप्पट झाली तेव्हा लीलाबाई गुडघ्यांवर उठल्या, खंजिरी डोक्याच्याही वर गेली, आणि चकत्या अशा खणखणत होत्या की मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. माणिकबाईंनी दोन कडवी ठरल्यापेक्षा जास्त घेतली. शिस्तीच्या माणिकबाईंनी. घंटा वाजली तरी कोणाला ऐकू आली नाही.

भजन संपल्यावर मंचामागं सलवार-कमीज घातलेली एक बारीकशी मुलगी उभी होती. ती सकाळच्या एसटीनं आली होती. तिनं हाक मारताच लीलाबाईंनी तिला आवाजावरून ओळखलं. गीतांजली पाया पडायला वाकली, तर लीलाबाईंनी तिला मध्येच धरून वर उचललं आणि घामेजल्या अंगानं कवेत घेतलं. गीतांजलीचं नाक बरोबर त्यांच्या खांद्याखाली आलं. ती तिथंच थांबली, एक मोठा श्वास घेतला आणि मान वर करून समाधानानं म्हणाली की पास.

"तू पास झाली," लीलाबाई म्हणाल्या. "परीक्षा तुही होती, माही नाई."

निकाल चार वाजता लागला. मंडळाला तिसरा नंबर मिळाला. दोन मंडळं खरंच यांच्याहून सरस होती आणि ते माणिकबाईंनी मोकळेपणानं कबूल केलं. तिसऱ्या नंबरची ढाल चांगली दीड हात उंच, लाकडी, वर पितळी खंजिरी बसवलेली. आयोजकांनी जेवायला बुंदी आणि वांग्याची भाजी ठेवली होती. ती भाजी मळ्यातल्या वांग्यांपुढं काहीच नव्हती, असं नत्थुजींना घरी गेल्यावर अकरा वेळा सांगण्यात आलं.

परतताना गाडीत वाद झाला तो ढाल कोणाकडं राहणार यावरून. माणिकबाई प्रमुख, म्हणून त्यांच्याकडं, असं एक मत. देवळात ठेवा, असं दुसरं. बोरगाव मंजू येईपर्यंत हे चाललं. शेवटी ठरलं की प्रत्येकीच्या घरी पंधरा-पंधरा दिवस. चिठ्ठ्या टाकल्या. लीलाबाईंचा नंबर सातवा आला.

सध्या ढाल गंगूबाईंकडे आहे. त्यांनी ती टीव्हीवर ठेवली आहे आणि पंधरा दिवस कधीच होऊन गेले तरी द्यायचं नाव काढत नाहीत.